वाक्य पुरं होईपर्यंत

जर्मनच्या वर्गात पहिल्या दिवशी माणूस जिथे बसतो, तिथेच तो शेवटच्या दिवसापर्यंत बसतो. तसा नियम कुणी केलेला नसतो, पण दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर भलतंच कुणी दिसलं की दारातच पाऊल अडतं. गणिताच्या वर्गात याने काही बिघडत नाही. भाषेच्या वर्गात बिघडतं, कारण दर थोड्या वेळाने मॅडम म्हणणार असतात, ‘आता शेजाऱ्याशी बोला’, आणि मग पुढचे कित्येक महिने तो शेजारी हाच तुमच्यापुरता अख्खा जर्मन समाज असतो. तो घुमा निघाला तर तुम्हीही घुमे होता. तो भरभर बोलून मोकळा होणारा निघाला तर तुम्ही मान डोलावण्यात तरबेज होता.

माझ्या एका बाजूला नर्सिंग झालेली एक मुलगी होती. तिला तिकडच्या रुग्णालयात नोकरी करायची होती, म्हणजे भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांपैकी चौथ्या, बी-टूपर्यंत पोचणं भाग होतं. दुसऱ्या बाजूला निवृत्त झालेले एक गृहस्थ. अख्खी बॅच त्यांना काका म्हणायची. त्यांना कुठे जायचं नव्हतं की कसली परीक्षा द्यायची नव्हती. पुढच्या बाकावर नुकतंच लग्न झालेली एक मुलगी होती. जर्मनीने २००७मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून जोडीदाराकडे राहायला जाण्यासाठी बहुतेकांना निघण्याआधीच ए-वन पास व्हावं लागतं. त्यामुळे तिचा संसार क्रियापदांच्या रूपांपाशी अडलेला. मी स्वतः कशाला आले होते ते मला धड सांगता आलं नसतं. ऑफिसात जर्मन लोकांशी काम पडायचं, आणि ते आपापसात बोलायला लागले की आम्ही बाकीचे उगाच लॅपटॉपकडे बघत बसायचो, एवढं एक कारण होतं.

भाषा शिकण्यामागच्या हेतूंचे दोन ढोबळ खण पुस्तकांत सापडतात: एकाला कामापुरती भाषा हवी असते, दुसऱ्याला त्या लोकांत मिसळायचं असतं. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९मध्ये कॅनडात ही मांडणी केली. पुढे शिकवायला लागल्यावर मी हे वाचलं, तेव्हा आमची बॅच त्या खणांत काही केल्या बसेना. कामापुरती भाषा हवी असलेली नर्स मुलगी वर्गात सगळ्यांत जास्त बोलायची, आणि निव्वळ हौसेने आलेले काका गप्प. घरून ते पानंच्या पानं लिहून आणायचे. पण आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांसमोर तोंड उघडायचं आणि एखाद्या नामाचं लिंग चुकलं म्हणून मागच्या बाकावरून खसखस ऐकायची, हे त्यांना झेपणारं नव्हतं. बॉनी नॉर्टन यांनी १९९०च्या दशकात कॅनडात स्थलांतर करून आलेल्या स्त्रियांवर काम केलं, त्यात हे बरोबर पकडलं आहे. शिकणारीला ओढ किती, एवढंच विचारून भागत नाही. तिला बोलू कोण देतं आणि तिचं बोलणं मोजायच्या लायकीचं कोण समजतं, हेही विचारावं लागतं. काकांना ओढ भरपूर होती. त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं.

मोठ्या वयात परकी भाषा शिकताना जे हातचं जातं, त्याची भरपाई व्याकरणाने होत नाही. आपला विनोद जातो. मत जातं, कारण मत मांडायला ‘असं असलं तरी’, ‘एका अर्थाने’, ‘तुमचं पटतं, पण’ असली सामग्री लागते आणि ती फार उशिरा हाती येते. ऑफिसात बैठका चालवणारी मी वर्गात ‘माझा भाऊ उंच आहे, त्याला फुटबॉल आवडतो’ असं गंभीर चेहऱ्याने सांगत असे. वास्तविक मला भाऊच नाही. बहीण आहे, पण बहिणीला लागणारी रूपं अजून पक्की व्हायची होती. या वाक्यांवर ओळखी होतात आणि गंमत म्हणजे टिकतातही. नर्स मुलीला माझा तो उंच भाऊ बरेच दिवस खराच वाटत होता.

वर्गात बोलायची भीती मोजण्यासाठी इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६मध्ये ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. आपलं नाव घेतलं जाणार हे कळलं की थरकाप होतो, बाकीचे माझ्यापेक्षा चांगलं बोलतात असं सारखं वाटतं, अशा आशयाची विधानं त्यात आहेत. बऱ्याच वर्षांनी मी ती माझ्या एका बॅचला भरायला दिली. वर्गात कोण घाबरट आणि कोण धीट याबद्दल माझा जो अंदाज होता, तो त्या कागदांशी जुळेना. जी मंडळी सतत बोलत, त्यांच्यातल्याही काहींनी झोप उडते म्हणून लिहिलं होतं. तशी एक मुलगी मला नंतर म्हणाली, ‘मॅडम, पहिल्यांदा बोलून टाकलं की पुन्हा माझी पाळी येत नाही.’

आमच्या मॅडमची एक सवय होती. प्रश्न विचारायच्या, कुणाचं तरी नाव घ्यायच्या आणि हजेरीच्या वहीत बघायच्या. आम्हाला वाटायचं, गैरहजर कोण ते तपासताहेत. ज्याचं नाव घेतलं तो इकडे मनात शब्द जुळवत असायचा, क्रियापद कुठे टाकायचं ते ठरवत असायचा, आणि मॅडम वहीत. त्याचं वाक्य निघालं की त्या वर बघायच्या. पुढे मी शिक्षक-प्रशिक्षणाला निघाले तेव्हा त्यांना भेटायला गेले, तर म्हणाल्या, वहीत काहीही बघायचं नसे. डोळे रोखून वाट बघितली तर माणूस आणखी घाबरतो, आणि वाट न बघता पुढच्याला विचारलं तर तो त्या दिवसापुरता संपतो. मेरी बड रोव यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांमधून हा वेळ मोजला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबतात आणि लगेच दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. आणि हे सगळं विज्ञानाच्या तासाचं. परक्या भाषेत तीन सेकंदांत माझा कर्तासुद्धा बाहेर पडत नसे.

प्रत्येक बॅचमध्ये एक स्वयंघोषित तपासनीस असतो. आमच्यातही होता. तुम्ही वाक्य बोलत असताना तो मधूनच ‘डेन!’, ‘डेम!’ अशी नामाआधी लागणारी बरोबर रूपं फेकायचा. बहुतेकदा त्याचं बरोबरच असायचं, तोच तर वैताग. मॅडमची दुरुस्ती वेगळी असे. आपण चुकीचं बोललो की त्या तेच वाक्य बरोबर करून, जणू काही दुजोराच देत आहेत अशा सुरात म्हणायच्या. यात कुणाचा पाणउतारा होत नाही, म्हणून शिक्षकांना हा मार्ग आवडतो. रॉय लिस्टर आणि लेइला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचं निरीक्षण करून १९९७मध्ये लिहिलं, त्यात शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या याच प्रकारच्या निघाल्या, आणि शिकणाऱ्याने त्यावर स्वतःचं वाक्य सुधारण्याचं प्रमाण याच प्रकारात सगळ्यांत कमी होतं. दुरुस्ती इतकी सभ्य की ती झाली हेच कळत नाही. तपासनिसाची दुरुस्ती कळते, पण माणूस पुढचं वाक्य बोलायचं टाळतो. मी शिकवायला लागल्यावर यावर एक साधा करार करायला लागले. बोलायला सुरुवात करण्याआधी ज्याने त्याने सांगायचं: मध्ये थांबवलं तर चालेल, शेवटी सांगा, किंवा आज काहीच सांगू नका. लोक याचा गैरफायदा घेतील असं माझ्या एका सहकाऱ्याला वाटत होतं. उलट बहुतेकजण काही आठवड्यांत आपणहून ‘मध्ये थांबवा’वर येतात. थांबवायचं की नाही हे आपल्या हातात आहे म्हटल्यावर थांबवलेलं झोंबत नाही.

परीक्षेबद्दल थोडंच सांगते, कारण परीक्षांच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. पण जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी-वनच्या तोंडी परीक्षेत एक गोष्ट अशी आहे जी मला इतर कुठल्या परीक्षेत भेटली नव्हती: तिथे सहसा जोडीने बसावं लागतं. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १००पैकी ६० गुण हवेत, आणि शेवटच्या भागात तुमच्यासमोर एक दुसरा परीक्षार्थी. तयारीला १५ मिनिटं मिळतात, मग दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा. माझ्यासमोर आलेला मुलगा मला पूर्णपणे अनोळखी होता. आमचा विषय होता आजारी मित्राला भेटायला जाण्याचा. त्याने पहिलं वाक्य पाठ केल्यासारखं सुरेख म्हटलं आणि तो गोठला. परीक्षक आमच्याकडे बघताहेत, तो टेबलाकडे बघतोय. अशा वेळी सगळी जागा आपणच बोलून भरून टाकावी असं फार वाटतं, कारण मौन दोघांच्याही नावावर जमा होईल अशी भीती असते. पण तिथे संवाद कसा चालवता यालाही गुण असतात, आणि एकटीनेच बोलणं हा संवाद नव्हे. मी त्याला विचारलं, ‘शनिवारी जाऊया की रविवारी?’ दोनच पर्याय, दोन्ही शब्द माझ्या तोंडून त्याने नुकतेच ऐकलेले. तो ‘रविवारी’ म्हणाला, मग ‘कारण शनिवारी मला काम असतं’ म्हणाला, आणि गाडी निघाली. निकालानंतर त्याचा मेसेज आला, दोघेही पास. समोरच्याला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारणं ही त्या परीक्षेत मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट होती, आणि ती आम्हाला शिकवताना कुणी वेगळी काढून शिकवली नव्हती.

बी-वन झालं आणि वर्ग विरळ झाला. वर्ग सोडणारे बहुधा व्याकरणाचं नाव घेतात. मी मात्र अनेक बॅचेसमध्ये बघितलंय, आधी एक सोडतो आणि मग त्याच्या शेजारी बसणारा. काका मात्र कधीच सोडून गेले नाहीत, हे इथेच सांगून टाकते.

मला बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी टँडेम-जोडीदार शोधला. पद्धत सोपी आहे: एकमेकांची भाषा शिकणारे दोघं, वेळ निम्मा-निम्मा, शिक्षक कुणीच नाही. जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात १९६३मध्ये मैत्रीचा करार झाला, त्यानंतर दोन्हीकडच्या तरुणांच्या भेटींचे कार्यक्रम सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांतून ही पद्धत आकाराला आली. तिची दोन तत्त्वं सांगतात. एक परस्परतेचं, म्हणजे घ्याल तितकं द्यायचं. दुसरं स्वायत्ततेचं, म्हणजे आपण काय आणि कसं शिकायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मला भेटली ती संशोधनासाठी मराठी शिकणारी एक जर्मन बाई. माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठी, चिकाटीची, आणि शिस्तीचं जे काही आपण त्या लोकांबद्दल ऐकतो त्याच्या अगदी उलट. व्हिडिओ कॉलवर नेहमी उशिरा यायची.

टँडेमचा पहिला शत्रू इंग्रजी. दोघींनाही ती बऱ्यापैकी येत असे, आणि जर्मनमध्ये माझं अडलं किंवा मराठीत तिचं अडलं की दोघी नकळत इंग्रजीत घरंगळायचो. तिथे दोघी सारख्याच शहाण्या, दोघी सारख्याच विनोदी, कुणीच लहान मुलासारखी अडखळत नाही. गप्पा फार चांगल्या व्हायच्या आणि शिकणं शून्य. मग आम्ही ठरवलं की तिच्या वेळात मी इंग्रजी अजिबात समजत नाही आणि माझ्या वेळात ती समजत नाही. हे नाटक आहे हे दोघींनाही माहीत, तरी ते चाललं. इंग्रजी शब्द आला की समोरचीने कोरा चेहरा करायचा. तिचा कोरा चेहरा अप्रतिम होता.

तिच्या मराठीमुळे मला जर्मन शिकण्याबद्दल जे कळलं ते माझ्या वर्गात कळलं नव्हतं. ती सांगायची की ती कुणाशी मराठीत बोलायला गेली की लोक दुसऱ्याच वाक्याला ‘अय्या, किती छान मराठी बोलता हो!’ म्हणतात आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत शिरतात. कौतुक अगदी मनापासूनचं. पण कौतुक झालं की संभाषण संपतं, ही तिची तक्रार होती. तिला कुणी वाद घालावा, चिडावं, तिचं म्हणणं खोडून काढावं असं वाटे. भाषा किती छान बोलता हे ऐकायला ती आली नव्हती. काय बोलते आहे ते कुणीतरी ऐकावं म्हणून आली होती. मी स्वतः जर्मन लोकांशी बोलताना नेमकं हेच व्हायचं, फक्त मला ते कौतुक गोड लागायचं, म्हणून त्यातली खोच दिसली नव्हती.

वेळेची गोष्टही तिच्याकडूनच नीट उमगली. टान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये डॅनिश, जपानी, कोरियन, लाओ अशा दहा भाषांमधल्या रोजच्या बोलण्यात हो-नाही स्वरूपाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं यांत किती अंतर पडतं ते मोजलं. भाषांगणिक थोडा फरक निघाला, पण सगळ्यांची सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास. म्हणजे समोरचा थांबायच्या आतच आपलं उत्तर तयार असतं. शिकणाऱ्याचं नसतं. दोघंच असतील तर निभावतं, पण चौघं बोलायला बसले की त्याचं वाक्य तयार होईस्तोवर विषय दोनदा बदललेला असतो. म्हणून तिने माझ्याकडे एक अजब मागणी केली: म्हणी नकोत, वाक्प्रचार नकोत, जागा धरून ठेवायला काय बोलता ते शिकव. मी विचार करून ‘म्हणजे कसं आहे’, ‘काय झालं की’, ‘ते आपलं हे’ अशी यादी केली. व्याकरणाच्या पुस्तकात यांना स्थान नाही. पण ‘म्हणजे कसं आहे ना…’ म्हणून ती जो काही वेळ मिळवायची त्यात तिचं क्रियापद सापडायचं, आणि मुख्य म्हणजे समोरचा थांबायचा. तिने मला बदल्यात जर्मनमधली तसली सामग्री दिली. माझं बोलणं त्या काळात इतकं पुढे गेलं की माझ्या ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांना मी कुठलातरी महागडा कोर्स केला असं वाटलं.

उच्चाराबद्दल आमच्यात मतभेद होते. तिला ‘ळ’ आणि ‘ण’ अगदी बिनचूक यायला हवे होते आणि ती त्यावर तासन्‌तास घालवायला तयार होती. माझं म्हणणं, समजतंय ना, मग पुढे चल. ट्रेसी डरविंग आणि मरे मनरो यांनी १९९५मध्ये दाखवलं होतं की बोलण्यात परका हेल ठळक असतो तेव्हाही ऐकणाऱ्याला शब्द न्‌ शब्द कळलेला असू शकतो. हेल आणि समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तिने याला उत्तर म्हणून मला दुसऱ्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना एक व्याख्यान ऐकवलं. आवाज एकच, जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन बाईचा. काहींना ऐकताना गोऱ्या स्त्रीचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचा. ज्यांनी आशियाई चेहरा बघितला त्यांना आवाजात परका हेल ऐकू आला, आणि त्यांना व्याख्यान समजलंही कमी. ‘तेव्हा तुझं समजतंय-ना हे समोरच्यावर आहे,’ ती म्हणाली, ‘आणि समोरच्यावर माझा भरवसा नाही. म्हणून मी ळ घोकते.’ यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. तिचा ळ आता माझ्याहून खणखणीत आहे.

शिकवायला लागले ती अशीच, मॅडमना एक बॅच सांभाळायला कुणी हवं होतं म्हणून. प्रशिक्षण नंतर झालं. त्यात एक दिवस आम्हाला कुणालाच न येणाऱ्या भाषेत विद्यार्थी म्हणून बसवलं. पद्धत चार्ल्स करन यांची. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातले हे गृहस्थ पाद्रीही होते आणि मानसशास्त्रज्ञही. आम्ही वर्तुळात बसलो आणि शिकवणारी बाई आमच्या पाठीमागे उभी. मला समोरच्याला काही सांगायचं असेल तर ते आपल्या भाषेत हळूच म्हणायचं, ती कानात त्या भाषेतलं वाक्य सांगणार, आणि मी ते मोठ्याने समोरच्याला सांगायचं. तेवढंच रेकॉर्ड होत होतं. शेवटी ते सलग ऐकवलं तर आमचं सर्वांचं चक्क एक संभाषण तयार. वर्गात एरवी प्रत्येक वाक्य शिक्षकाकडे जातं आणि शिक्षकाकडून ‘छान’ असा शिक्का घेऊन परत येतं. इथे शिक्षक दिसतच नव्हती, म्हणून बोलणं थेट माणसाकडे जात होतं. रोज असं शिकवणं शक्य नाही, शिक्षकाला दोन्ही भाषा हव्यात आणि गट छोटा हवा. पण शिकवणाऱ्याने कुठे उभं राहायचं हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला.

सगळ्यांत अवघड बॅच कंपनीची. एकाच विभागातले साहेब आणि त्यांच्या हाताखालचे लोक एकाच वर्गात, भाषेची पातळी सगळ्यांची शून्य. साहेब पहिल्या दिवसापासून ‘मला एक फोन घ्यायचाय’ म्हणून बाहेर. त्यांच्यापेक्षा नवीन पोरगी पुढे जात होती, आणि साहेब खोलीत असले की तीही मुद्दाम चुकत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. शेवटी मी भाषा निवांतपणे शिकवण्याची पद्धत काढणाऱ्या बल्गेरियाच्या गिओर्गी लोझानोव्ह यांची एक युक्ती उचलली. त्यांच्या पद्धतीतल्या बाकीच्या गोष्टी, ते संगीत आणि आरामखुर्च्या, मला फारशा पटत नाहीत. पण ते विद्यार्थ्यांना वर्गापुरतं नवं नाव आणि नवा व्यवसाय द्यायचे, हे फार शहाणपणाचं आहे. मी चिठ्ठ्या टाकल्या. साहेब झाले माळी, नवीन पोरगी झाली नाटक कंपनीची मालकीण. माळ्याला चुकायला कसलीच अडचण नव्हती. त्याला फुलांची नावंही येत नव्हती, आणि ती तो मालकिणीला विचारायला लागला. फोन बंद झाले असं म्हणणार नाही, पण कमी झाले. तासाच्या शेवटी मात्र ते पुन्हा साहेब व्हायचे आणि आम्ही सगळे पुन्हा इंग्रजीत यायचो.

जन्माने जर्मन बोलणारा शिक्षक नाही का, असा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि बरेचदा माझ्यासमोरच येतो. याला जुना इतिहास आहे. युगांडातल्या माकेरेरे इथे १९६१मध्ये इंग्रजी शिकवण्याबद्दल राष्ट्रकुल देशांची परिषद झाली, तिच्यातून पुढे आलेल्या ज्या समजुतींवर रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२मध्ये टीका केली, त्यांतली एक हीच: आदर्श शिक्षक म्हणजे मातृभाषक. माझ्यापुरतं मी एवढं सांगू शकते की बहिणीला भाऊ का करावं लागतं हे मला न सांगता कळतं. पण जर्मन कानाला काय खटकतं हे मला अनेकदा विचारून घ्यावं लागतं, आणि मी विचारते. विद्यार्थ्यांसमोर विचारते.

युरोप परिषदेने २००१मध्ये भाषेच्या पातळ्यांची जी चौकट दिली, तिच्यात बी-टूच्या वर्णनात असं होतं की शिकणारा मातृभाषकांशी, दोघांपैकी कुणावरही ताण न पडता, बोलू शकतो. २०२०च्या नव्या आवृत्तीत मातृभाषक हा उल्लेख काढून त्या जागी ती भाषा बोलणारे असं घातलं. ‘दोघांपैकी कुणावरही’ हे मात्र तसंच ठेवलं, आणि मला त्या सबंध दस्तऐवजात तेच सर्वांत खरं वाटतं. ताण दोघांवर असतो हे तिथे मान्य केलंय. वर्गात मात्र आम्ही वर्षानुवर्षं एकाच्याच बाजूचा सराव घेतो. म्हणून मी आता ऐकणाऱ्याला काम देते. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत शब्द पुरवायचा नाही. न कळल्यास ‘कळलं नाही’ असं म्हणायचं, मान डोलवायची नाही. आणि बोलून झाल्यावर त्यावर एक खरा प्रश्न विचारायचा. पहिले काही तास लोक कंटाळतात. पुढे याच गोष्टीवर वर्गात सगळ्यांत जास्त हशा होतो, कारण न डोलवता बसणं फार कठीण असतं.

काकांचं असं झालं. पुढे मॅडमच्या त्या वर्गात मीच शिकवायला आले तेव्हा ते तिथे होते, दुसऱ्यांदा त्याच पातळीला बसलेले. मी त्यांची जोडी एका फार बडबड्या मुलाशी लावली आणि त्या मुलाला फक्त प्रश्न विचारायची परवानगी दिली. त्या मुलाचे हाल झाले. काका मात्र त्यांनी नोकरीत असताना पाहिलेल्या पुराबद्दल बोलले, तुटक, विभक्तीचा पत्ता नाही, आणि खूप वेळ.

हल्ली निम्मे वर्ग ऑनलाइन होतात आणि तिथे यातलं बरंच काही कोसळतं. आवाज पोचायला उशीर होतो, त्यामुळे सेकंदाच्या पाचव्या भागाचा हिशेब ज्यांना भाषा येते त्यांचाही चुकतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि सगळ्यांत आधी माघार घेतो तो ज्याला भाषा कमी येते. मी छोट्या खोल्यांमध्ये तिघा-तिघांना पाठवते, कारण दोघांत एकाचं नेट गेलं की दुसरा एकटा पडतो. ज्यांना सगळ्यांसमोर बोलवत नाही ते व्हॉइस नोट पाठवतात. काहींच्या तर दहादा पुसून परत केलेल्या असतात हे त्यांच्या सफाईवरूनच कळतं, आणि मी ते चालवून घेते. पण पडद्यावर एकावेळी वीस-पंचवीस चौकोन असले की यातलं काहीही जमत नाही. ज्या संस्थेसाठी मी हे वर्ग घेते तिच्याशी माझा यावर वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, रेकॉर्डिंग देतोच आहोत, मग संख्येने काय बिघडतं. पुढच्या बॅचला मी बारापेक्षा जास्त नावं घेणार नाही असं कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.